नावेच्या पाठफळीवरच्या तीन खाचा

लाकडाच्या बाबतीत मला सहसा कोणी फसवू शकत नाही. फळीवर रंध्याचा एक हात मारला की ते झाड किती वर्षांचं, तोडून किती दिवस झाले, पाण्यात टिकेल की नाही, हे मी सांगतो. फायबरचंही तसंच. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा ते मी हवेचा अंदाज घेऊन ठरवतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे भल्याभल्यांना जमत नाही. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते माझ्या हातून अडाणीपणाने झालं, असं कुणाला वाटू नये. मला सगळं कळत होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची शेती करकंबकडे, पण मला शेतीत रस नव्हता. पुण्याला एका कारखान्यात दोन वर्षं फायबरचं काम शिकलो आणि सोलापूरला परतलो. त्या वेळी गावात हे काम करणारा मला तरी दुसरा कोणी माहीत नव्हता. जागेचीच काय ती पंचाईत होती. शुक्रवार पेठेत एका मिस्त्रींची शेड होती. ते हातमाग तयार करणारे सुतार. घरची भाषा तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. हातमाग कमी होत चालले होते, निम्मी शेड रिकामी पडली होती. मी विचारलं, तर म्हणाले, "ये की. पर तुझा तो वास माझ्या लाकडाला लागू देऊ नको."

मी त्यांना मामा म्हणायचो. पेठेतले सगळेच म्हणायचे.

मामांची एक रीत होती. तयार झालेल्या प्रत्येक कामावर, न दिसणाऱ्या काठाला, ते पटाशीने तीन खाचा मारत. बाजूच्या दोन लांब, मधली आखूड. ही त्यांची खूण. माग अंधाऱ्या खोलीत असला तरी विणकर त्या काठावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, हे मामांचं काम. खुणेला अर्थ होता. खूण असलेली वस्तू उसवली, सुटली, वाकली, तर मामा एक शब्दही न विचारता ती पुन्हा करून देत. त्यामुळे लाकूड मनासारखं नसलं तर ते खूणच करत नसत. माल द्यायचे, पण सांगून द्यायचे, "हे बिनखुणेचं आहे, बघ." खूण म्हणजे त्यांची जबान होती. ती आयुष्यात कधी खोटी पडली नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत, लोक सांगत.

एका सकाळी एक नावाडी आला. मंद्रूपच्याही पुढे, भीमेच्या काठचा. एस.टी.च्या टपावर टाकून त्याने नावेची पाठफळी आणली होती. पाठफळी म्हणजे नावेची मागची बाजू बंद करणारी उभी फळी. पूर्वी नाव वल्ह्यावर चालायची तेव्हा त्या फळीला फारसं काम नव्हतं. मग पंचायतीने कुठून तरी एक जुनं इंजिन मिळवलं आणि ते त्या फळीवर टांगलं. इंजिन सुरू झालं की सगळा हिसका तिच्यावरच. वर्षभरात बोल्टांच्या भोकांपाशी आंब्याचं लाकूड भिजल्या पावासारखं झालं होतं.

मामांनी नखाने टोकरलं. नख आत गेलं.

"आंबा कुणी घातला रं हितं?"

"आमच्या गावच्या सुतारानं."

"त्यानं लग्नाचा मांडव घातला असंल, नाव नव्हं."

नावाडी हसला. चाळिशीचा, ताठ, पाण्यावरचा माणूस. म्हणाला, "मामा, माजा बाप बाभळीची घालायचा. तीच घाला की."

"बाभूळ चिवट, खरी. पर जड किती! इंजिन मागं, बाभूळ मागं, तूबी मागं. पुढची माणसं आभाळात जातील."

इथे मी तोंड घातलं. मी म्हणालो, फायबर करू. आत लाकूड, बाहेरून काचेच्या धाग्यांच्या चटईचे चार थर, रेझिनमध्ये बुडवलेले. पाणी शिरायला जागाच नाही. हलकं, आणि कुजण्याचा प्रश्नच येत नाही. एक तुकडा आणून त्याच्या हातात दिला. हातोडी दिली. म्हटलं, मारा.

त्याने मारली. हातोडी उडाली.

"आयला! हे तर लई भारी हाय की. मामा, तुमी काय म्हंता?"

मामा त्या तुकड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "ह्याचं काम चांगलं आहे. खोटं कशाला बोलू? फायबर कुजत नाही. कुजतं ते आतलं. आतलं लाकूड कोरडं पाहिजे आणि त्यानं रेझिन प्यायला पाहिजे. नाहीतर सागाची अखंड करू. उघडी. तेल पाजत राहायचं वर्षाला."

नावाड्याने तो तुकडा पुन्हा उलटापालटा करून बघितला. मग म्हणाला, "फायबरची करा. पर खूण मामांची पायजे. तुमी पाव्हणं चांगलं असाल, पर तुमाला मी वळकत न्हाय."

मामा म्हणाले, "लाकूड बघून खूण करीन. आधी नाही."

त्यात मला अपमान वाटला. आज वाटत नाही. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्या कामाला एका म्हाताऱ्याच्या तीन ओरखड्यांची गरज आहे, हे मला सहन होत नव्हतं.

आत घालायला पाण्यात टिकणारा प्लाय हवा होता. तो मुंबईहून यायचा. तीन आठवडे लागतील, असं दुकानदाराने सांगितलं. त्याच सुमाराला आमच्या मागच्या गल्लीतल्या एका विणकराने दोन हातमाग मोडले आणि त्यांचं लाकूड शेडमध्ये आणून टाकलं. साग. चाळीसेक वर्षं घरात सावलीत वाळलेला, मधासारखा रंग. असं लाकूड आज शोधून सापडणार नाही. माझे डोळे लकाकले. म्हटलं, प्लायची वाट कशाला बघायची? ह्याच्या पट्ट्या जोडून फळी करू आणि वर फायबर चढवू.

मामांनी एक खांब आडवा घातला, रंध्याने थोडा साफ केला, बोट पाण्यात बुडवून वर एक थेंब सोडला. थेंब पसरला नाही. मोत्यासारखा उभा राहिला आणि घरंगळून खाली पडला.

"बघितलास? ह्यानं चाळीस वर्षं खळ प्यालीय. खळीत तेल असतं. सुताला लावायची खळ, पर लाकूडबी पितं. साग मुळात तेलकट, वर हे. आता हे आणखी काही पिणार नाही. उघडं वापर, शंभर वर्षं जाईल. फायबरखाली वद्दु."

'वद्दु' म्हणजे नको. हा शब्द ते क्वचितच वापरत. मराठीत नको म्हटल्यावर माणूस वाद घालतो, तेलुगूत म्हटल्यावर गप्प बसतो, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या लग्नाला अक्कलकोटकडे गेले. सहा दिवसांसाठी.

त्या सहा दिवसांत मी ती फळी केली. कारणं माझ्याकडे होती, आणि त्यातली काही खरीही होती. नावाडी निरोपावर निरोप धाडत होता. इंजिन घरात पडून होतं, बाजारच्या दिवशी पलीकडची माणसं काठावर तिष्ठत होती. पण खरं कारण वेगळं. त्या नदीवर खाली-वर आणखी चार उतार, म्हणजे नावेने नदी ओलांडायच्या जागा, होत्या. ही एक नाव लोकांनी पाहिली की चारही माझ्याकडे येतील, असा माझा हिशेब. आणि तीन आठवडे थांबलो तर मामांचा शब्द खरा ठरणार होता. तो मला खरा ठरू द्यायचा नव्हता.

मी लाकूड खरवडलं. कागद मारला. थिनरने पुसलं. थेंब टाकून बघितला नाही. टाकला असता तर तो उभा राहिला असता, हे मला माहीत होतं, म्हणून टाकला नाही. चार थर चढवले. वरच्या काठाला शोभा म्हणून त्याच सागाची एक उघडी पट्टी बसवली. फळी अशी देखणी झाली की रस्त्याने जाणारे थांबून हात लावायचे.

नावाडी न्यायला आला. फळी उलटीपालटी करून बघितली, हसला, मग काठावरून अंगठा फिरवला.

"खूण कुटं हाय?"

मी म्हणालो, "राहिली असेल. थांबा."

फळी घेऊन आत गेलो. मामांची पटाशी त्यांच्या पेटीत होती. ती घेतली. वरच्या पट्टीवर एक लांब खाच, एक आखूड, पुन्हा एक लांब. पुरतं मिनिटभरही लागलं नाही. बाहेर आणली. नावाड्याने पुन्हा अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता कसं!"

पटाशी पेटीत परत ठेवताना मी तिच्या धारेवर चिकटलेली भुकटी फुंकली. एवढं मला आठवतं. कुणी मागे लागल्यासारखी फुंकली.

मामा परतले. विचारलं, "नाववाल्याचं काय झालं?"

"प्लाय लवकर आला. करून दिली."

"बरं केलंस," म्हणाले. विश्वास टाकला की त्यांचं पुढे काही विचारणं नसे.

फळी हिवाळा-उन्हाळा टिकली. नदीला पाणी कमी होतं, इंजिनाला जोर लागत नव्हता. भाद्रपदात नदी दुथडी भरली. एका बाजारच्या दिवशी भर पात्रात, नाव माणसांनी आणि दोन शेळ्यांनी भरलेली असताना, फायबर लाकडापासून सुटलं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं. बोल्ट मोकळे झाले, इंजिन उलटं होऊन पाण्यात गेलं. नावाड्याने इंजिनाचा दोर धरला, त्या हिसक्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. नाव वाहत वाहत खालच्या वाळूच्या बेटाला लागली. माणसं वाचली. हे मी दर वेळी स्वतःला सांगतो, माणसं वाचली. पण त्याची बोटं सरळ झाली नाहीत.

आठवड्याने तो हाताला फडकं बांधून आला. फळी पाठीवरून आणली होती. आमच्या शेडसमोर एक चहाचं हॉटेल होतं, सकाळी तिथे सगळी मागवाली मंडळी बसायची. त्यांच्या मधोमध त्याने ती फळी आपटली.

"मामा! बाहीर या! ही तुमची खूण हाय का न्हाय, सांगा समद्यांम्होरं!"

मामा बाहेर आले. मी त्यांच्या मागे, दारात. हाताला रेझिन होतं, मी ते रॉकेलच्या बोळ्याने पुसत होतो.

मामा उकिडवे बसले. सुटलेल्या फायबरखालचं लाकूड बघितलं. ते कुठलं लाकूड आहे हे त्यांना बघताक्षणी कळलं. मग त्यांनी काठाच्या तीन खाचांवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी बोळ्याने हात पुसत राहिलो.

"सांगा की! खूण तुमची न्हाय म्हणा, मी आत्ता जातो!"

मामा उठले. गुडघे झटकले. म्हणाले, "खूण माझी आहे. दुसरी करून देतो."

हॉटेलातला एक जण म्हणाला, "मामा, आता नदीत उघडणारी खूण काढली का नवीन?" दोघे-तिघे हसले. मामांच्या तोंडावर त्या पेठेत कोणी असं हसल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसरी फळी त्यांनी आठ दिवसांत केली. अखंड साग, आतून आधाराला बाभळीचे दोन धिरे, भोकांत राळ आणि तेल. फायबरचा एक धागाही नाही. मीही हाताखाली काम केलं. पूर्ण आठ दिवसांत ते माझ्याशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोलले. फळी तयार झाल्यावर मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी पटाशी उचलली, पुसली आणि पेटीत ठेवून दिली.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच कामावर खूण केली नाही. कोणी मागितली तर म्हणायचे, "ती आता चालत नाही."

चार महिन्यांनी मी होटगी रस्त्याला स्वतःची जागा घेतली. माझं चांगलं चाललं. कूलरच्या टाक्या, दुकानांच्या पाट्या, पाण्याच्या टाक्या. माझा माल टिकतो असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या दिवसानंतर मी थेंब टाकून बघितल्याशिवाय एका लाकडावर फायबर चढवलेलं नाही. ती सुटलेली फळी मात्र मी निघताना सोबत आणली. मामांना ती शेडमध्ये दिसू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ती माझ्या पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात अठरा वर्षं उभी होती. बायकोने एकदा बंबात घालायला मागितली. मी ओरडलो. का ओरडलो ते सांगितलं नाही.

मध्यंतरी एका कामासाठी मंद्रूपकडे गेलो होतो. काम झालं, आणि गाडी नदीकडे वळवली. तिथे आता पूल आहे. नाव काठावर उपडी घातलेली. मी वाकून पाठफळी बघितली. नावेचं बाकीचं लाकूड संपलं होतं, ती फळी जशीच्या तशी. एक सांधा हललेला नाही.

नावाडी लिंबाखाली बसला होता. पांढरा झाला होता, ताठपणा तोच. मी ओळख सांगितली.

"व्हय व्हय, फायबरवालं पाव्हणं! बसा की."

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. लाकूड मी वापरलं, मामा गावात नव्हते, खूण मी मारली. तीन वाक्यांत झालं. अठरा वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते इतकं आखूड असेल असं वाटलं नव्हतं.

त्याने उजवा हात पुढे धरला. दोन बोटं आकड्यासारखी वाकडी. 

"मामा न्हाई बोल्लं त्ये."

"नाही बोलले."

"आन् मी त्यास्नी पेठेत, चार माणसांत..." तो थांबला. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "आन् हे मला हितं सांगून काय उपेग? हितं कोन हाय ऐकायला? शेळ्या? मी जितं बोल्लो तितं जाऊन बोला की! येतो मी संगट. चला."

"आज?"

"मग काय, म्हूर्त बघायचा?"

तो खरंच उठला. पण मी आज टाळलं, उद्याचं कबूल केलं, कारण ती फळी घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही शुक्रवार पेठेत होतो. हॉटेल तेच. माणसं निम्मी नवी, पण हसलेल्यांपैकी एक जण होता, म्हातारा झालेला. मामा समोर त्यांच्या शेडच्या दारात खुर्चीवर बसले होते. डोळ्यांना कमी दिसायचं. मी फळी हॉटेलसमोर ठेवली, आपटली नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तीच तीन वाक्यं पुन्हा म्हणालो.

कोणी हसलं नाही. नावाडी मामांपाशी गेला, वाकला आणि म्हणाला, "मामा, मी लई बोल्लो हुतो तुमाला."

"बोलणारच की. बोटं तुझी गेली." मग त्यांनी माझ्या दिशेने मान केली. "काय उभा राहिलायस? आण ती इकडं."

मी फळी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला.

"मधली आखूड आहे, बरोबर. पर तिसरी खोल गेलीय. तू घाईत होतास."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मामा. मग का नाही बोललात?"

"तू दारात उभा होतास. मी म्हटलं, आत्ता बोलेल. मग म्हटलं, उद्या बोलेल." त्यांनी फळीवर थाप मारली. "मग म्हटलं, जाऊ दे. आता रंधा घे आणि हे काढून टाक. मला माझ्या हातानं काढायचं नाही."

रंधा त्यांचाच होता, धार अजून लागलेली. मी पट्टीवर फिरवला. पाचव्या-सहाव्या हाताला खाचा निघून गेल्या. कुरळा भुसा खाली पडला आणि खळीचा तो आंबूस वास आला, इतक्या वर्षांनी. हॉटेलातल्या म्हाताऱ्या विणकराने भुशातली एक कुरळी ढलपी उचलून नाकाला लावली. "मागाचंच आहे की," म्हणाला.

"पाणी टाक," मामा म्हणाले.

मी चहावाल्याच्या पेल्यातून बोटाने थेंब टाकला. थेंब उभा राहिला, हलला आणि घरंगळून मामांच्या धोतरावर पडला. ते त्यांना दिसलं नसणार, पण ओल लागली असावी. म्हणाले, "अजून तसंच. चांगलं लाकूड आहे. वरचं फायबर सोलून काढ, आणि ह्याचा पाट कर. नाववाल्याला जेवायला बसायला देऊ. एवढ्या लांबनं आलाय."

दुपारपर्यंत मी पाट केला. नावाडी तोवर मामांशी बोलत बसला होता, पुलाबद्दल, कुठल्या लाकडाची वल्ही लवकर मोडतात त्याबद्दल. मी पाट पुसून समोर ठेवला. मामांनी काठ चाचपला.

"खूण कुठाय?"

"तुमची कशी करू, मामा?"

"माझी नाही रं. तुझी. तुझी काय आहे?"

माझी काही नव्हती. इतक्या टाक्या केल्या, इतक्या पाट्या केल्या, एकावरही कधी काही कोरलं नव्हतं. मामांनी पेटी पायाने माझ्याकडे सरकवली. मी पटाशी काढली, पाट उलटा केला आणि काठाला एकच खाच मारली.

त्यांनी अंगठा लावला.

"सरळ आलीय," म्हणाले, आणि नावाड्याला बसायला सांगितलं.